इम्प्लांटभोवती मॅक्रोफेज जमल्या म्हणजे मटेरिअल फसलं का?

बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, या हळूहळू विघटन होणाऱ्या पॉलिमरची, इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या दाबाने बारीक तंतू ओढून) बनवलेली जाळी उंदरांच्या पाठीच्या कातडीखाली बसवली. चार आठवड्यांनी जाळी काढून स्लाइड केल्या. कडेला मॅक्रोफेजची, म्हणजे परक्या वस्तू गिळणाऱ्या रोगप्रतिकार पेशींची, दाट रांग होती, मधूनमधून अनेक केंद्रकं असलेल्या महाकाय पेशी होत्या आणि बाहेरून तंतूंचं पातळ आवरण होतं. ‘हे मटेरिअल शरीराने नाकारलं’ असा शेरा तिला मिळाला. आता जाळीतच डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं स्टेरॉइड भरून ही प्रतिक्रिया दाबावी का, असं ती विचारते आहे.

उत्तर आधीच सांगते. मटेरिअल नाकारलं गेलेलं नाही आणि डेक्सामेथासोन भरायची घाई करू नका. रोगप्रतिकार पेशी जमल्या यात काही बिघडलेलं नाही. त्या बाहेरच अडकून पडल्या, आत शिरल्या नाहीत, हे मात्र बिघडलं आहे. विघटनशील इम्प्लांटच्या क्षेत्रात इतकी वर्षं काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की या पेशींपासून इम्प्लांट लपवायचं नसतं, ते त्यांच्या ताब्यात द्यायचं असतं. फक्त कधी आणि किती वेगाने द्यायचं, हे आपण ठरवायचं असतं.

‘नाकारणं’ ही वेगळीच भानगड आहे. मूत्रपिंड बदललं की रुग्णाच्या टी पेशी दात्याच्या पेशींवरची ओळखचिन्हं, म्हणजे एचएलए प्रथिनं, ओळखतात आणि अवयवावर तुटून पडतात. पीसीएलवर असं कुठलंच प्रथिन नाही. तुम्ही पाहिली ती परकीय वस्तूला मिळणारी प्रतिक्रिया. काचेच्या कुसळाला, टाक्याच्या दोऱ्याला, पेसमेकरच्या वायरला, सगळ्यांना ती मिळते. मेचनिकॉव्ह या जीवशास्त्रज्ञाने 1882 साली सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि भटक्या पेशी त्याच्याभोवती गोळा होताना पाहिल्या. या निरीक्षणातून उभ्या राहिलेल्या कामासाठी त्याला 1908 साली नोबेल मिळालं. तुमच्या स्लाइडवर तेच चाललं आहे, फक्त काट्याच्या जागी पीसीएल आहे.

या पेशींना तुमचं पीसीएल जवळजवळ दिसतच नाही. जाळी आत ठेवल्यावर काही सेकंदांत रक्तातली आणि ऊतीतल्या द्रवातली प्रथिनं तिच्यावर बसतात. आधी अल्ब्युमिन, मग त्याला हटवून फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन आणि कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनसाखळीतला सी3 वगैरे. पॉलिमरच्या पृष्ठभागावर फायब्रिनोजेनची घडी उलगडते, एरवी आत दडलेला भाग उघडा पडतो आणि मॅक्रोफेजवरचा मॅक-1 हा ग्राहक रेणू नेमका तोच पकडतो. टँग आणि ईटन या संशोधकांनी 1993 साली फायब्रिनोजेन जवळजवळ संपवलेल्या उंदरांमध्ये पॉलिमरचे तुकडे बसवले, तेव्हा त्यांवर पेशी फारशा जमल्याच नाहीत. त्या तुकड्यांना आधी फायब्रिनोजेनचा थर दिला की पुन्हा जमल्या. पृष्ठभागाचं रसायन बदलताना आपण खरं तर कुठलं प्रथिन कशा अवस्थेत बसेल हे बदलत असतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल या जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात आणि ओसरतात. आठवड्यानंतरही त्यांची गर्दी असेल तर मी मटेरिअलचा विचार बाजूला ठेवते आणि आधी जंतुसंसर्ग किंवा एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचातला विषारी अंश, शोधते. त्यांच्यामागून रक्तातल्या मोनोसाइट पेशी येतात, ऊतीत उतरून मॅक्रोफेज होतात आणि इम्प्लांट असेपर्यंत मुक्काम ठोकतात.

महाकाय पेशींना लोक सर्वांत जास्त घाबरतात. मॅक्रोफेज साधारण 15 ते 20 मायक्रॉनची असते. काही मायक्रॉनचा कण ती सहज गिळते, तंतूंची अखंड चटई गिळू शकत नाही. मग इंटरल्युकिन-4 आणि इंटरल्युकिन-13 या संकेतांमुळे अनेक मॅक्रोफेज एकमेकींत विलीन होतात आणि ती मोठी पेशी पृष्ठभागाला चिकटून बसते. पेशी आणि पॉलिमर यांच्यामधली फट ती कडेने बंद करून घेते आणि त्या बंदिस्त जागेत आम्ल, विकरं आणि ऑक्सिजनचे तीव्र क्रियाशील रेणू सोडते. तिथला पीएच 4 च्याही खाली जाऊ शकतो. हाड खाणारी ऑस्टिओक्लास्ट असंच काम करते, आणि दोघी एकाच कुळातल्या आहेत.

एक बारकावा इथे सुटायला नको. प्रयोगशाळेत मॅक्रोफेजला इंटरल्युकिन-4 दिलं की ती ‘एम2’, म्हणजे दुरुस्तीच्या बाजूची झाली असं आपण म्हणतो. महाकाय पेशी घडवणारा संकेतही तोच आहे. त्यामुळे महाकाय पेशी दिसली म्हणून ‘एम1’, दाह, वाईट, अशी साखळी जोडणं चूक आहे. एम1 आणि एम2 ही दोन टोकं बशीतल्या पेशींसाठी ठीक आहेत. जिवंत ऊतीत एकाच पेशीवर दोन्हींच्या खुणा दिसतात, आणि आठवड्यागणिक त्यांचं प्रमाण बदलतं.

पॉलिग्लायकॉलिक आम्ल, म्हणजे पीजीए, या लवकर विरघळणाऱ्या पॉलिमरच्या नमद्याचा छेद ध्रुवीकृत प्रकाशात एकदा तरी पाहा. स्फटिकमय तंतू काळ्या पार्श्वभूमीवर लखलखतात. दोनेक आठवड्यांच्या छेदात गोल, ठसठशीत तंतू असतात आणि प्रत्येकाला पेशींची कड असते. पुढच्या छेदांत तीच वर्तुळं कुरतडल्यासारखी होतात, त्यांचे चुरे होतात, आणि काही चुरे पेशींच्या आत चमकताना दिसतात. आता ध्रुवक काढून तीच जागा साध्या प्रकाशात बघा. तंतू गेला तिथे कोलॅजन आणि बारीक केशवाहिन्या आलेल्या असतात. स्लॅब आपल्या भाराने उभा राहीपर्यंत सेंट्रिंग ठेवायचं आणि मग काढायचं, तसं हे काम आहे. इथे सेंट्रिंग काढणारे आणि स्लॅब घालणाऱ्यांना बोलावणारे एकच आहेत, एवढाच फरक.

वेळ चुकली तर काय होतं, याचा सर्वांत मोठा धडा फिनलंडमधल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी दिला. हेलसिंकीत घोट्याच्या आणि इतर फ्रॅक्चरसाठी विरघळणाऱ्या पिना आणि स्क्रू मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. 2000 साली त्यांनी 2528 रुग्णांचा आढावा छापला. पीजीए वापरलेल्यांपैकी 5.3 टक्के रुग्णांत जंतूंशिवायच सूज आली, काहींच्या जखमेतून पॉलिमरच्या चुऱ्याचा द्रव वाहिला, आणि हे घडलं सरासरी अकराव्या आठवड्यात. पॉलिलॅक्टाइडच्या गटात 491 पैकी एकालाच असा त्रास झाला, पण शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. नेदरलँड्समध्ये गालाच्या हाडाला लावलेल्या पीएलएलएच्या, म्हणजे पॉलिलॅक्टाइडच्याच एका प्रकाराच्या, पट्ट्यांनीही तीन वर्षं उलटून गेल्यावर सूज दाखवली, आणि तिथल्या पेशींच्या पोटात पॉलिमरचे स्फटिकासारखे कण सापडले.

पीजीए आणि पीएलएलए दोन्ही पाण्याने तुटतात, दोन्हींचे अंतिम रेणू शरीराला पचवता येतात. तरी त्रास झाला, कारण ठरावीक टप्प्यावर आम्ल आणि चुरा इतक्या वेगाने किंवा इतक्या स्फटिकमय रूपात बाहेर पडला की तिथल्या मॅक्रोफेज आणि रक्तपुरवठा यांना तो आवरला नाही. जाड तुकड्यात तर आतला भाग बाहेरच्यापेक्षा लवकर तुटतो, कारण आत कोंडलेलं आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं. मग एक दिवस कवच फुटतं आणि सगळं एकदम बाहेर येतं. म्हणून चौथ्या आठवड्याची स्लाइड बघून ‘जैवसुसंगत’ किंवा ‘विसंगत’ असा निकाल देणं मला पटत नाही. पीसीएलला पूर्ण जायला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. चार आठवड्यांत त्याची गोष्ट सुरूसुद्धा झालेली नसते.

आता मुख्य मुद्दा, दाबावं की नाही. दाबू नये यावर माझा विश्वास बसला तो लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेतल्या कामामुळे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

काही मुलं हृदयाचा एकच नीट चालणारा कप्पा घेऊन जन्मतात. फॉन्टान शस्त्रक्रियेत शरीराच्या खालच्या भागातलं अशुद्ध रक्त हृदयाला वळसा घालून थेट फुप्फुसाच्या धमनीत नेतात. त्यासाठी लागणारी नळी सहसा गोर-टेक्स या न विरघळणाऱ्या प्लास्टिकची असते. ती मुलाबरोबर वाढत नाही. टोकियोतले शल्यचिकित्सक तोशिहारू शिनओका यांनी 1999 साली चार वर्षांच्या एका मुलीत विघटनशील पॉलिमरवर तिच्याच पेशी पेरून केलेली रक्तवाहिनी बसवली. पुढे पेरणीसाठी रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वापरायला सुरुवात झाली. अशा 25 रुग्णांचा सरासरी 5.8 वर्षांचा पाठपुरावा 2010 साली छापून आला. कलमामुळे कोणी दगावलं नव्हतं. चार जणांत नळी अरुंद झाली होती, ती फुग्याने उघडता आली.

तोवर सगळे धरून चालले होते की पेरलेल्या पेशींचीच नवी भिंत बनते. येलमध्ये क्रिस्तोफर ब्रुअर यांच्या गटाने उंदरांत तपासलं, तर पेरलेल्या मानवी पेशी काही दिवसांतच नाहीशा झाल्या. जाताना त्या एमसीपी-1 हा मोनोसाइटना बोलावणारा रेणू सोडून गेल्या. पेशींऐवजी नुसता तो रेणू हळूहळू सोडणारे सूक्ष्म कण भरले, तरी रक्तवाहिनी बऱ्याच अंशी तशीच बनली. भिंत उभी राहिली ती यजमानाच्या पेशींची, आणि मुकादम होत्या मॅक्रोफेज.

त्याच गटातल्या हिबिनो यांनी 2011 साली पुढचं पाऊल टाकलं. मॅक्रोफेज जास्त तर नळी अरुंद होते हे दिसत होतं, म्हणून त्यांनी उंदरांतल्या मॅक्रोफेज औषधाने काढून टाकल्या. नळी अरुंद झाली नाही. पण नवी ऊतीही बनली नाही. ना आतलं अस्तर, ना स्नायूपेशींचा थर, ना कोलॅजन. पॉलिमरची उघडी नळी तशीच राहिली. अशी नळी मुलाच्या छातीत ठेवून पॉलिमर विरघळण्याची वाट बघायची, ही कल्पनाच भयंकर आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग सर्वांत आधी वाचायला लावते. दाह शून्य करणं हे आपलं उद्दिष्ट असूच शकत नाही.

अशा नळ्यांची अमेरिकेतली पहिली चाचणी सुरुवातीच्या काळात नळ्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त दिसल्यामुळे थांबवली गेली. त्यानंतर ओहायोतल्या कोलंबसच्या मुलांच्या रुग्णालयातल्या गटाने येलच्या अभियंत्यांबरोबर संगणकीय प्रारूप केलं. प्रारूपाने सांगितलं की दाहामुळे आलेला हा अरुंदपणा बराचसा आपोआप कमी होईल. मेंढ्यांमध्ये तपासलं तर तसंच झालं. 2020 साली हे काम छापून आलं. आधीच्या महिन्यांत घाईने हस्तक्षेप केला असता तर हे कोणाला कळलंच नसतं. याचा अर्थ रुग्णाला त्रास होत असताना वाट बघत बसायचं असा मुळीच नाही, आणि त्या गटानेही तसं म्हटलेलं नाही.

डेक्सामेथासोनबद्दल. ते जाळीतून सुटलं की मॅक्रोफेज कमी होतील, आवरण पातळ दिसेल, स्लाइड छान दिसेल. पण त्याच जागी नव्या केशवाहिन्यांची वाढही खुंटते. कातडीखालच्या ग्लुकोज सेन्सरवर काम करणाऱ्यांना हा अनुभव जुना आहे. सेन्सर कायम परकाच राहायचा असतो, त्याला शांतता पुरते. तुमच्या जाळीच्या जागी उद्या ऊती उभी राहायची आहे. शिवाय औषध संपेल त्या दिवशी पीसीएल जवळजवळ पूर्ण शिल्लक असेल आणि प्रतिक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

त्यापेक्षा भोकांचा आकार बघा. एखाद-दुसऱ्या मायक्रॉनच्या तंतूंची इलेक्ट्रोस्पन चटई केली की छिद्रं जेमतेम काही मायक्रॉनची राहतात. मॅक्रोफेजला आत शिरता येत नाही. तिच्या दृष्टीने ती सलग भिंतच आहे, म्हणून ती बाहेर रांग लावते आणि विलीन होते. चीनमधल्या तिआन्जिनच्या नानकाई विद्यापीठातल्या गटाने 2014 साली पीसीएलच्याच नळ्या 5 ते 6 मायक्रॉनच्या जाड तंतूंनी, सुमारे 30 मायक्रॉनची छिद्रं ठेवून केल्या आणि उंदरांच्या महाधमनीत बसवल्या. पेशी आत गेल्या, एम2 खुणांच्या मॅक्रोफेज वाढल्या आणि भिंत चांगली घडली. वॉशिंग्टन विद्यापीठात बडी रॅटनर यांच्या गटाने वेगळ्याच पॉलिमरमध्ये 30 ते 40 मायक्रॉनची एकसारखी छिद्रं ठेवली, तेव्हा तंतुमय आवरण कमी आणि केशवाहिन्या जास्त मिळाल्या. मॅक्रोफेजला अंग चोरून शिरता येईल, पण अनेकींना एकत्र पसरून बसायला जागा मिळणार नाही, असं ते माप आहे असं मला वाटतं. त्यामुळे तंतू जाड करणं हा तुमच्यासाठी पहिला बदल. औषध, लेप, वाढघटक हे सगळं नंतर.

पीसीएल निर्दोष आहे असंही मी म्हणत नाही. जॉन्स हॉपकिन्समधल्या जेनिफर एलिसेफ यांच्या गटाने 2020 साली दाखवलं की उंदरांच्या स्नायूच्या जखमेत पीसीएल ठेवल्यावर टी पेशी इंटरल्युकिन-17 तयार करतात आणि तंतुमयता वाढते. याच गटाने 2016 साली पेशी काढून टाकलेल्या ऊतीचं स्कॅफोल्ड, म्हणजे आधाराचा सांगाडा, तशाच जखमेत ठेवलं, तेव्हा मदतनीस टी पेशींनी इंटरल्युकिन-4 दिलं आणि स्नायू जास्त चांगला भरून आला. टी पेशी नसलेल्या उंदरांत हा फायदा दिसला नाही. म्हणून पॉलिमर असलं तरी टी पेशींचं रंगकाम वगळू नका.

पेशीविरहित ऊतींबद्दल जाता जाता एवढंच की तिथे स्वच्छता हाच प्राण आहे. 2003 साली व्हिएन्नाच्या शल्यचिकित्सकांनी डुकराच्या हृदयाच्या पेशीविरहित झडपा बसवलेल्या चार मुलांची हकीकत छापली. त्यातली तीन मुलं दगावली. झडपांमध्ये डुकराच्या पेशींचे अवशेष राहिले होते आणि भोवती तीव्र दाह होता. आज एक मिलिग्रॅम कोरड्या ऊतीत 50 नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए असावा हा संकेत पाळला जातो, तो अशा अनुभवांनंतर. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून केलेलं जखमेवरचं कोलेडर्म 2023 साली मंजुरीपर्यंत नेलं. त्यातली मेहनत किती असेल याची मला चांगली कल्पना आहे, आणि त्याचा अभिमानही आहे.

आता तुमच्या हातातल्या कामाकडे. पॅराफिन ब्लॉक करताना झायलीनमध्ये पीसीएल विरघळतं, त्यामुळे स्लाइडवर दिसणाऱ्या पांढऱ्या फटी म्हणजे तंतूंच्या रिकाम्या जागा आहेत, विघटन नव्हे. विघटन दाखवायचं असेल तर काही नमुने फ्रोझन सेक्शनसाठी (गोठवून छेद घेण्यासाठी) ठेवा आणि काढलेल्या जाळीतल्या पॉलिमरचा रेणुभार मोजा. जाळीवर जिलेटिन किंवा कोलॅजनचा लेप असेल तर एंडोटॉक्सिन तपासल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नका. हे पदार्थ प्राणिजन्य असतात, निर्जंतुक केले तरी एंडोटॉक्सिन जात नाही, आणि मॅक्रोफेज तुमच्या मटेरिअलऐवजी त्याच्यावरच चवताळतात. वैद्यकीय उपकरणांसाठी अमेरिकेतली सर्वसाधारण मर्यादा प्रति उपकरण 20 एंडोटॉक्सिन युनिट आहे. उंदराच्या इवल्याशा तुकड्यासाठी मी त्याहून बरीच कडक ठेवते.

एकच दिवस पुरणार नाही. 3, 14, 28 आणि 84 असे दिवस धरा. मधला 14 वा दिवस सोडू नका. पिट्सबर्गमध्ये स्टीफन बॅडिलॅक यांच्या गटाने जैविक जाळ्यांचे 14 प्रकार उंदरांत तपासले, तेव्हा 14 व्या दिवशीच्या मॅक्रोफेजच्या खुणांवरून पुढची ऊती कशी होईल याचा अंदाज बांधता आला होता. प्रत्येक छेदात पेशी मोजताना पृष्ठभागापासून किती खोलवर आहेत ते लिहा. एफ4/80 (मॅक्रोफेजची खूण) बरोबर सीडी206 (एम2 ची) आणि आयएनओएस (एम1 ची) यांचं रंगकाम एकाच छेदावर करा, शेजारी सीडी31 ने केशवाहिन्या दाखवा. आयएनओएसची खूण उंदरात छान चालते, माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये ती भरवशाची नाही, म्हणून पुढे मानवी पेशींवर गेलात तर तीच यादी उचलू नका.

आणि नुसती कातडी उघडून, खिसा करून, काहीही न ठेवता शिवलेला गट हवाच. तो नसेल तर शस्त्रक्रियेचा दाह कुठला आणि जाळीचा कुठला हे कोणीच सांगू शकणार नाही. हा गट आणि वाढीव दिवस यांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची सुधारित मंजुरी लागेल. अर्जात प्राण्यांची वाढीव संख्या मागण्याचं कारण स्पष्ट लिहा: पीसीएलच्या विघटनाचा काळ मोठा आहे आणि एका दिवसाच्या निरीक्षणावरून प्रतिक्रिया वाढते आहे की उतरते आहे हे ठरवता येत नाही. त्यासोबत जाड तंतूंच्या जाळीचे छिद्रमापनाचे फोटोही जोडा.